रेल्वेवेड्या महाराजांचा हिशेब

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातल्या भोजनगृहात एका लांबलचक टेबलावर रूळ टाकलेले आहेत आणि त्यांवर चांदीची छोटी आगगाडी उभी आहे. सात डबे, आणि त्यांवर रोमन लिपीतली सात अक्षरं जुळवून मालकाचं आडनाव: सिंदिया. जेवणं उरकली की ही गाडी विजेवर सुरू व्हायची आणि पाहुण्यांसमोरून ब्रँडी, सिगार घेऊन संथपणे फिरायची. कुणी काचेची सुरई उचलली की गाडी जागीच थांबे, सुरई परत ठेवली की पुढे निघे. यात जादू काही नाही. सुरईचं बूड हाच खटका. ती उचलली की विजेचा मार्ग तुटतो.

अचंबा वाटावा तो वेगळ्या गोष्टीचा. हे खेळणं हौसेने टेबलावर फिरवणाऱ्या माणसाने टाटांच्या पोलाद कारखान्याला साठ लाख रुपये दिले. चंबळच्या खोऱ्यात शेकडो किलोमीटर रूळ टाकले. एक अख्खी आगबोट विकत घेतली, आणि तिच्यामुळे पुढे देशातल्या मोठ्या जहाज कंपनीला त्याच्या घराण्याचं नाव मिळालं. उज्जैनला क्षिप्रेकाठी जवळजवळ दोनशे वर्षं पडीक असलेलं दगडी घड्याळही त्यानेच पुन्हा चालतं केलं. हे माधवराव शिंदे, ग्वाल्हेर संस्थानचे राजे. जन्म १८७६, मृत्यू १९२५ साली पॅरिसमध्ये. उज्जैन ही शिंद्यांची मूळ राजधानी. दौलतरावांनी १८१०च्या सुमारास बिऱ्हाड ग्वाल्हेरजवळच्या लष्कर नावाच्या वस्तीत हलवलं, तरी उज्जैन त्यांच्याच अमलात राहिलं. आजही उज्जैनमध्ये माधव कॉलेज आहे, स्टेशनपलीकडच्या वस्तीला माधवनगर म्हणतात, आणि तिथल्या जुन्या मराठी घरांत महाराजांचा विषय निघाला की चहा दुसऱ्यांदा ठेवावा लागतो.

वाद साधा आहे. एक बाजू म्हणते, हा माणूस काळाच्या पन्नास वर्षं पुढे होता. दुसरी म्हणते, रयतेच्या पैशावर खेळणी जमवणारा हौशी राजा. जगभर तंत्रज्ञानाच्या धंद्यातल्या मोठ्या माणसांबद्दल हेच भांडण चालतं. स्टीव्ह जॉब्झने स्वतः काय बनवलं, असं विचारणारे आजही भेटतात. यंत्र शोधणारा मोठा, की त्या यंत्रावर पैसा आणि अब्रू लावणारा? माधवमहाराजांनी कुठलंच यंत्र शोधलं नाही. त्यांनी पैसा लावला. म्हणून आधी त्या पैशाकडे बघू.

त्यांचे वडील जयाजीराव हे साठवणारे राजे. ग्वाल्हेरच्या किल्ल्यातल्या गुप्त तळघरांत शिंद्यांचा खजिना होता, त्याला गंगाजळी म्हणत. त्याची खूण राजाने वारसाच्या कानात सांगायची असा रिवाज होता. १८८६ साली जयाजीराव गेले तेव्हा वारस नऊ वर्षांचा. खूण सांगायची राहून गेली आणि पुढे कित्येक वर्षं तळघरं शोधण्यात गेली, असं सांगतात. गोष्टीत मीठमसाला किती ते सोडून द्या; पैसा खराच होता. कारण १८८७ साली, बाळमहाराजांच्या नावाने कारभार करणाऱ्या कौन्सिलने हिंदुस्थान सरकारला साडेतीन कोटी रुपये कर्जाऊ दिले. त्याआधी जयाजीरावांनीही १८७२ आणि १८७३ मध्ये दोन रेल्वेमार्गांसाठी पंचाहत्तर-पंचाहत्तर लाख मोजले होते: एक आग्रा–ग्वाल्हेर, दुसरा इंदूर–नीमच. शेजारी इंदूरला तुकोजीराव होळकरांनी खंडवा–इंदूर मार्गासाठी एक कोटी कर्ज दिलंच होतं. माळव्यात रेल्वे आली ती बरीचशी मराठी सरदारांच्या तिजोरीतून, हे आपल्याकडे फारसं कुणी शिकवत नाही. इंग्रजांनी रेल्वे आणली एवढंच वाक्य पाठ झालेलं असतं.

म्हणजे बापाने जमिनीत पुरलेलं सोनं, आणि मुलाला वेड हलणाऱ्या लोखंडाचं. अठराव्या वर्षी, १८९४ मध्ये, पूर्ण अधिकार हाती आले. तोवर राजवाड्याच्या परिसरात दोन फुटी रुळांची छोटी गाडी धावू लागली होती आणि महाराज स्वतः इंजिन चालवत. सगळ्या श्रीमंत मुलांची अशी खेळणी बागेत गंजतात. ही गाडी मात्र फाटकातून बाहेर पडली. १८९९च्या सुमारास ती भिंड आणि शिवपुरीच्या दिशेने पोचली आणि १९०९ मध्ये श्योपूरला. ग्वाल्हेर–श्योपूर हा जवळपास दोनशे किलोमीटरचा मार्ग, आणि रुळांमधलं अंतर अवघं ६१० मिलिमीटर. आपल्या ब्रॉडगेजचं अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे जवळपास पावणेतीन पट.

इतकी अरुंद का, याचं उत्तर हौशीत नाही, खर्चात आहे. अरुंद रुळांवरची गाडी तीव्र वळण घेऊ शकते, म्हणून टेकडी फोडण्याऐवजी तिला वळसा घालता येतो. भराव कमी लागतो, पूल हलके चालतात, रूळही पातळ पुरतात. चंबळ-कुनोच्या ओबडधोबड मुलखात ब्रॉडगेज टाकायला कुणीच तयार झालं नसतं. तिथे एका संस्थानाने स्वतःच्या ऐपतीत बसेल अशी रेल्वे टाकली. ती २०२० सालापर्यंत धावली. आता तोच मार्ग ब्रॉडगेज होतो आहे. शंभर वर्षांहून जास्त वापरात राहिलेल्या गोष्टीला खेळणं म्हणताना जीभ थोडी अडखळावी.

आता ते साठ लाख. १९०७ साली टाटांना साकचीला पोलादाचा कारखाना उभारायचा होता. लंडनच्या बाजाराने पाठ फिरवली. मग मुंबईत भागविक्री काढली आणि तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार हिंदी भागधारकांनी सोळा लाख तीस हजार पौंड जमवून दिले. स्वदेशीचे दिवस होते ते. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पुढची सहसा सांगितली जात नाही. भट्ट्या उभ्या करण्याइतका पैसा झाला. पण त्या चालवायला, कोळसा आणि पगार भागवायला खेळतं भांडवल हवं होतं. त्यासाठी चार लाख पौंडांचे कर्जरोखे काढले आणि ते सगळेच्या सगळे एकट्या माधवमहाराजांनी घेतले. त्या वेळच्या भावाने पौंडाला पंधरा रुपये, म्हणजे साठ लाख.

कर्जरोखा म्हणजे मालकी नव्हे. कारखाना चालला तर ठरलेलं व्याज, बुडाला तर रांगेत उभं राहायचं. हिंदुस्थानात आधुनिक पद्धतीने मोठ्या प्रमाणावर पोलाद कधी झालंच नव्हतं, अशा वेळी हा आकडा टाकायला नुसती श्रीमंती पुरत नाही. १६ फेब्रुवारी १९१२ ला साकचीत पोलादाची पहिली लगड बाहेर पडली. महाराजांचे सल्लागार होते मुंबईचे एफ. ई. दिनशॉ, पैशाच्या व्यवहारात जबरदस्त डोकं असलेले पारशी गृहस्थ. महाराजांच्या हयातीतच ग्वाल्हेरजवळ बानमोरला सिमेंटचा कारखाना निघाला आणि १९३६ मध्ये ज्या दहा कंपन्यांची मिळून एसीसी झाली त्यांत तो होता. बिर्लांनी ग्वाल्हेरात १९२१ मध्ये कापडगिरणी काढली, तिला नाव दिलं जयाजीरावांचं. घराणं एकच, पण बाप सोनं पुरणारा आणि लेक ते बाजारात उभं करणारा.

आगबोटीची गोष्ट त्याहून गमतीची. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ही १८९१ सालची प्रवासी बोट माधवमहाराजांनी पहिल्या महायुद्धात, १९१४च्या अखेरीस विकत घेतली, तिचं नाव ‘लॉयल्टी’ ठेवलं आणि जखमी सैनिकांसाठी तिचं तरंगतं रुग्णालय केलं. साम्राज्याशी निष्ठा, असा नावाचा सरळ अर्थ. १९०० सालीही चीनमधल्या बॉक्सर बंडाच्या वेळी ‘ग्वाल्हेर’ नावाची रुग्णनौका त्यांनी पाठवली होती. युद्ध संपल्यावर बोट विकायला निघाली. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या साथीदारांनी ती घेतली आणि कंपनीला नाव दिलं सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. ब्रिटिश जहाज कंपन्यांची मक्तेदारी मोडायला निघालेल्या स्वदेशी कंपनीची पहिली बोट, आणि नाव राजनिष्ठा! धंदा म्हणून ती बोट फारशी चालली नाही, काही वर्षांत मोडीत गेली. पण त्याच कंपनीने १९४१ मध्ये विशाखापट्टणला जहाजबांधणीचा कारखाना काढला आणि १९४८ मध्ये तिथून ‘जलउषा’ पाण्यात उतरली. ५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय नौकानयन दिन. तो ज्या बोटीमुळे साजरा होतो ती इंग्रजांना खूश करायला विकत घेतलेली होती, हे इतिहासाचं खास कोल्हापुरी तिखट.

इथवर वाचून महाराजांच्या बाजूने कौल द्यावासा वाटेल. जरा थांबा.

हे पैसे कुणाचे? संस्थानच्या तिजोरीत येणारा मोठा भाग शेतसाऱ्याचा, आणि त्या शेतसाऱ्यात माळव्याची काळी जमीन मोठी. याच जमिनीत अफू पिके. ती मुंबईमार्गे चीनला जायची आणि उज्जैन तिची मोठी पेठ. चीनकडची ही वाट १९१३ मध्ये बंद झाली, तोवर या शहराच्या सावकारीत अफूचा वास होता. मग माळव्यातल्या कुणब्याने भरलेला पैसा साकचीच्या भट्टीत जातो, मुंबईच्या बाजारात जातो, तेव्हा त्याचं व्याज कुणाच्या घरी येतं? संस्थानाचा खजिना आणि राजाची खासगी पेटी यांमधली भिंत त्या काळी पातळच असे. ही तक्रार आजच्या कम्युनिस्टाची म्हणून झटकून टाकता येणार नाही. राजाच्या गुंतवणुकीत नफा झाला तरी भागधारकांची सभा कधी भरत नाही.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. ग्वाल्हेरजवळ सांक नदीवर तिघ्राचं धरण बांधलं गेलं, १९१६ मध्ये ते पूर्ण झालं. पुढच्याच पावसाळ्यात, १९ ऑगस्ट १९१७ ला ते फुटलं. पाणी पायाखालच्या खडकात झिरपलं आणि मधली भिंतच सरकली. जगभरच्या धरण-दुर्घटनांच्या याद्यांत खालच्या गावांतली सुमारे हजार माणसं दगावल्याची नोंद आहे. धरण पुन्हा बांधलं, आज ग्वाल्हेर त्याचंच पाणी पितं. पण महाराजांच्या चाहत्यांनी लिहिलेल्या मजकुरात चांदीची गाडी हमखास सापडते, तिघ्रा क्वचित. त्या वर्षी पाण्याने नेलेल्या गावांना चांदीच्या गाडीचं कौतुक सांगून बघा.

आणि सिंह! महाराजांनी आफ्रिकेतून सिंह मागवून श्योपूरच्या जंगलात सोडले. देशी सिंह तिथून संपले होते, ते परत आणायची कल्पना. आफ्रिकेच्या सिंहांना तिथलं रान मानवलं नाही की रानातली माणसंच जास्त मानवली कोण जाणे. ते माणसं मारू लागले आणि बेत फसला. २०२२ पासून त्याच श्योपूरमधल्या कुनोच्या जंगलात आफ्रिकेचे चित्ते आले आहेत. प्रयोग करायची खाज सत्तेला कायमच सुटते.

महाराजांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा मात्र ना कारखान्यात आहे ना बोटीत. तो उज्जैनला आहे, जुन्या शहराबाहेर क्षिप्रेकाठी, जयसिंगपुऱ्यात. जयपूरच्या सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात पाच वेधशाळा बांधल्या: दिल्ली, जयपूर, काशी, मथुरा आणि उज्जैन. मथुरेची नामशेष झाली. उज्जैनची ढासळत पडली होती. सिद्धांतवागीश नारायणजी व्यास आणि गणिती गोविंद सदाशिव आपटे यांनी पाठपुरावा केला आणि १९२३ मध्ये माधवमहाराजांनी तिची डागडुजी करून घेतली. आपटे पहिले अधीक्षक झाले.

यातली मजा कळायला सम्राट यंत्रापाशी जाऊन उभं राहावं लागतं. दगडी त्रिकोणी भिंत, तिच्या कडेवर पायऱ्या, आणि दोन्ही बाजूंना वाडग्याच्या कडेसारखे वळलेले पाव-वर्तुळाचे चौथरे, त्यांवर कोरलेल्या खुणा. भिंतीची तिरकी कड जमिनीशी २३ अंश १० कलांचा कोन करते. हा आकडा मनाला येईल तसा घेतलेला नाही. तो जवळपास उज्जैनचा अक्षांश आहे. त्यामुळे ती कड पृथ्वीच्या आसाला समांतर होते, ध्रुवाकडे रोखलेली. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, म्हणून भिंतीची सावली चौथऱ्यावर तासाला बरोबर पंधरा अंश सरकते, सकाळी जेवढी तेवढीच दुपारी. घरच्या गच्चीवर उभी काठी रोवून पाहा, तिची सावली असा समान वेग कधीच ठेवत नाही. इथे दगडच तिरका घातल्याने हिशेब सरळ झाला.

सावलीची कड मात्र सुरीसारखी नसते. सूर्याचं बिंब आकाशात अर्धा अंश रुंद दिसतं, म्हणून काळी सावली आणि पांढरं ऊन यांच्यामध्ये करडा पट्टा येतो. हा पट्टा म्हणजे वेळेची दोन मिनिटं. दगड कितीही मोठा करा, हा धूसरपणा जात नाही. चौथऱ्यावर दोरा धरला की सावलीची मधली रेघ शोधणं जरा सोपं होतं, पण शेवटी डोळ्याचाच प्रश्न.

आता मनगटी घड्याळाकडे बघा. सावली बारा दाखवते तेव्हा घड्याळात बारा वाजलेले नसतात. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला रेखांशाची, उज्जैन आहे ७५ अंश ४६ कलांवर. फरक ६ अंश ४४ कला, म्हणजे सुमारे सत्तावीस मिनिटं. त्यात पृथ्वीच्या कक्षेचा लांबटपणा आणि आसाचा कल यांमुळे येणारा फरक मिळवायचा किंवा वजा करायचा. फेब्रुवारीच्या मध्याला उज्जैनचं खरं मध्यान्ह घड्याळात बारा वाजून एक्केचाळीस मिनिटांच्या आसपास येतं, नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा दहाला. २१ जूनला, बारा अठ्ठावीसला, शंकुयंत्राच्या उभ्या काठीची सावली जवळजवळ पायाशी गडप होते आणि शाळांची पोरं ते बघायला गोळा होतात, कारण उज्जैन कर्कवृत्ताच्या अगदी खेटून दक्षिणेला आहे. शंकुयंत्र आपट्यांच्या देखरेखीखाली बांधलं गेलं. प्राचीन ज्योतिषात याच उज्जयिनीवरून शून्य रेखांश मोजत असत. जग ग्रिनिचवरून वेळ मोजू लागलं त्याआधी कित्येक शतकं ही गणितं इथून सुरू होत.

आणि इथेच मला हा माणूस खरा कळतो. गावागावांची स्वतःची वेळ होती ती मोडली कुणी? रेल्वेने. दोन गावांची घड्याळं वेगळी असली की वेळापत्रक छापता येत नाही, गाड्या एकमेकींवर आदळतात. १ जानेवारी १९०६ पासून देशाला एक प्रमाणवेळ मिळाली, ती मुख्यतः रुळांच्या आणि तारेच्या सोयीसाठी. म्हणजे माधवमहाराजांच्या लाडक्या रेल्वेनेच उज्जैनचं ऊन निकामी ठरवलं, आणि ज्या काळात ते निकामी ठरलं त्याच काळात त्यांनी ते मोजायचं यंत्र दुरुस्त केलं.

यावर आक्षेप होता आणि तो चुकीचा नव्हता. १९२३ पर्यंत कोडाईकॅनालला, हैदराबादला दुर्बिणी होत्या. यंत्रांचा एवढा शौक असलेल्या राजाने दुर्बीण घ्यायची सोडून दगड का बसवले? याला तोलाचं उत्तर आहे. त्या काळात महाराष्ट्रात पंचांगशुद्धीचा वाद पेटला होता. व्यंकटेश बापूजी केतकर, लोकमान्य टिळक यांचं म्हणणं असं की पंचांगातलं गणित आकाशाशी जुळलं पाहिजे, नाहीतर संक्रांत एका दिवशी आणि सूर्य दुसरीकडे. ते जुळतं की नाही हे सामान्य ज्योतिषाला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल असं ठिकाण हवं होतं. दुर्बिणीतून नेपच्यून दिसतो. संक्रांत तपासायला सावली पुरते. उज्जैनची वेधशाळा, जिला आता जिवाजी वेधशाळा म्हणतात, १९४२ पासून दरवर्षी ग्रहस्थितीचं पंचांग छापते. संस्थान गेलं, सरकार बदललं, पण ते छापणं चालू आहे.

माझा कौल म्हणाल तर: गुंतवणूकदार म्हणून माधवमहाराज असामान्य. बांधकामांवर देखरेख ठेवणारे राज्यकर्ते म्हणून तिघ्राने त्यांच्या नावावर काळा डाग ठेवला आहे, आणि तो पुसू नये. ज्यांच्या घामाचा पैसा त्यांनी लावला त्यांना त्यांनी कधी विचारलं नाही. पण त्यातला बराच भाग लोखंडात आणि दगडात गेला, नाचगाण्यात नाही, एवढं त्यांच्या पदरात टाकावं लागेल. इतर संस्थानिकांचे ताळेबंद वाचले की ही किरकोळ गोष्ट वाटत नाही.

महाराज गेल्यानंतर सात वर्षांनी, १९३२ मध्ये, ग्वाल्हेर दरबारने उज्जैनहून आगरपर्यंत नॅरोगेज टाकली. आगरच्या शेतकऱ्याला उज्जैनची पेठ जवळ आली. १९७५ मध्ये, आणीबाणीच्या वर्षी, ती बंद झाली आणि रूळ उखडले गेले. आगर-माळवा २०१३ मध्ये वेगळा जिल्हा झाला, पण जिल्ह्याच्या गावाला रेल्वे नाही. दर निवडणुकीत तिथे रेल्वेची मागणी होते. मागणी करणाऱ्यांत शिंद्यांच्या राजवटीला मनापासून शिव्या देणारेही असतात, आणि आमची रेल्वे कुणी नेली, असं ते भोपाळ-दिल्लीला विचारतात.